कोरडी

“पडलं का?” छपरावरून मिस्त्रीनं विचारलं.

“नाही,” मी खालून ओरडले.

“आता?”

“अहो, नाही म्हटलं ना! पडलं की सांगते. मी काय पाणी लपवून ठेवणार आहे?”

मी आतल्या खोलीत माझ्या पलंगाशेजारी मान वर करून उभी होते. डोक्यावर लाकडी फळ्यांची तक्तपोशी, तिच्यावर कौलं, आणि त्या कौलांवर बसून हा म्हातारा मिस्त्री तांब्या-तांब्यानं पाणी ओतत होता. गेल्या आठवड्यात पाऊस झाला तेव्हा बरोब्बर माझ्या उशीवर धार लागली होती. आता मुद्दाम ओततोय, तर पहिल्या तांब्याला चार थेंब पडले, त्यानंतर एकही नाही. बाकीचं पाणी गेलं कुठे?

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला. टप. मग टप, टप, टप. यांच्या खाटेशेजारी वर्षानुवर्षं ठेवलेल्या बादलीत.

मिस्त्रीची बायको तिथे उभी होती. दोघं मिळूनच कामं घेतात. तो वर, ती खाली, आणि बोलायचं खातं तिच्याकडे. ती तोंडावर हात ठेवून म्हणाली, “अगं बाई! ओततोय तिकडे आणि पडतंय इकडे. चांगलं चौदा-पंधरा फूट. पाणी चालत आलं की काय?”

खाटेवर हे बसले होते. यांनी डावा हात उचलला, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, “कोरडी.”

मिस्त्रीणबाईसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठ महिन्यांपूर्वी यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. सगळंच गेलं असतं तर एक वेळ मी निभावून नेलं असतं, पण एक शब्द राहिला. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी, एखादा शब्द जिभेवर अडकून राहतो, त्याचा अर्थ लावत बसू नका. लावू नका म्हणे! बेचाळीस वर्षं संसार केल्यावर या माणसानं एवढ्या शब्दांतून कोणता शब्द ठेवला? रोज सकाळी मी आतल्या खोलीतून बाहेर आले की माझ्याकडे बघायचं, हात उचलायचा आणि म्हणायचं, “कोरडी.”

मी तोंडाळ आहे, मला कबूल आहे. टेलिफोन ऑपरेटर होते मी. दिवसभर परक्यांशी गोड बोलून घरी येईपर्यंत गोडवा संपलेला असायचा. लाडीगोडी, जवळ बसून विचारपूस, हे मला कधी जमलंच नाही. पण यांचं सगळं करते मी. अंघोळ घालते, दाढी करते, घास भरवते. आणि त्यावर रोज हे ऐकायचं. सुरुवातीला मी चिडायचे, “हो, आहेच मी कोरडी, मग काय करता?” पुढे चिडणंही थांबलं. चहा ठेवायला म्हणून आत जायचे आणि ओट्याला धरून उभी राहायचे. शेवटी शेवटी वाटायला लागलं, माणूस खोटं तरी कशाला बोलेल? एवढी वर्षं मनात असेल, आता बाहेर आलं.

तर छपराचं. हे पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटर रीडर होते. घरोघरी जाऊन मीटरवरचा आकडा वहीत उतरवायचा, हे यांचं काम. पाण्याच्या खात्यातला माणूस आणि स्वतःचं घर गळतं, यावरून मी यांची इतकी थट्टा केली आहे की विचारू नका. दरवर्षी पावसाआधी एकदा आणि एक जोरदार सर येऊन गेली की पुन्हा एकदा, हे मागच्या बाजूची दोन कौलं सरकवून वर जायचे. मी शिडी धरायची आणि खालून टोमणे मारायचे. दोन-तीन तासांनी हे केसांत जळमटं घेऊन उतरायचे, “झालं,” म्हणायचे. आणि पाऊस आला की ठरलेल्या जागी, यांच्या खाटेच्या उशाशी, टपटप सुरू! मी म्हणायचे, “तीन तास वर काय झोपा काढल्या? निदान खाट तरी सरकवा.” तर हे हसायचे. म्हणायचे, “असू दे. आवाज येत असला की मला झोप लागते.” आता अशा माणसाला काय म्हणायचं?

यंदा वर जायला कोणी नव्हतं, आणि पाणी माझ्या पलंगावर आलं. मुलगी परगावी असते. फोनवर तिला सांगितलं, “सगळी गादी भिजली गं,” तर इकडे हे खाटेवर उठून बसायला धडपडले, मूठ आपटायला लागले. “कोरडी! कोरडी!” माझा अगदी जीव गेला. गादी माझी भिजली आणि वर रागवायचंही मलाच.

मुलीनं एक ठेकेदार पाठवला. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. अंगणातून एक छोटंसं विमान उडवून त्यानं वरचे फोटो काढले आणि म्हणाला, “मॅडम, सगळं उतरवून पत्रे टाकू. दोन दिवसांत मोकळे.” घरात पाऊलसुद्धा टाकलं नाही त्यानं. मुलगी म्हणाली, “आई, हो म्हणून टाक.” मी म्हणणारही होते. पण औषधाच्या दुकानदारानं या मिस्त्रीचं नाव सुचवलं, म्हटलं एकदा याचंही ऐकून घेऊ. तो आला, चपला दाराशी काढल्या, भिंतीला हात लावून दोन्ही खोल्यांतून फिरला, आणि पहिला प्रश्न केला, “वर शेवटचं कोण गेलं होतं?”

“हे,” मी म्हटलं. “पण त्यांच्या कामाचं काही धरू नका.”

म्हणून आज ही पाणी ओतायची परीक्षा चालली होती. बादलीतला आवाज ऐकल्यावर मिस्त्री वरती गप्पच झाला. कौलं काढून ठेवल्याचे आवाज आले. मग त्यानं बायकोला हाक मारली. ती शिडीनं सरसर वर गेली, आणि तीही गप्प! ती गप्प झाली तेव्हा मात्र मला भीती वाटली. मी बाहेर शिडीपाशी गेले.

“काय झालं? तुळई मोडली का?”

“ताई,” मिस्त्रीणबाईंनी काढलेल्या कौलांच्या जागेतून डोकं बाहेर काढलं. “तुम्ही वर या.”

“मी? माझे गुडघे बघितलेत का?”

“मी धरते. पण या.”

कशी चढले ते माझं मला ठाऊक. एका हाताला ती, एका हाताला मिस्त्री, आणि मी त्या कौलांखालच्या पोकळीत डोकं घातलं. बेचाळीस वर्षं ज्या छपराखाली राहिले ते मी आतून कधी पाहिलंच नव्हतं. काढलेल्या कौलांमधून ऊन थेट आत आलं होतं, आणि त्या उन्हात तक्तपोशीच्या वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, डबे होते. दूध पावडरचे डबे. उभे मधोमध कापलेले, आतून घासून लख्ख केलेले, एकाचं तोंड दुसऱ्यात बसवून तारेनं बांधलेले. प्रत्येकाखाली लाकडाची ढलपी, पहिल्याखाली जाड, पुढच्याखाली जरा पातळ, त्याच्या पुढच्याखाली आणखी पातळ. एक ओळ माझ्या पलंगाच्या वरून निघत होती, दुसरी भिंतीच्या कोपऱ्यातून येऊन तिला मिळत होती, मग दोन्ही मिळून खांबाला वळसा घालून, पार बाहेरच्या खोलीवर, यांच्या खाटेच्या उशापर्यंत. तिथे तक्तपोशीला बोटाएवढं भोक पाडलेलं होतं. आतून नीट घासलेलं, गोल.

मी डोळे फाडून बघतच राहिले.

मिस्त्री हळूच म्हणाला, “मुख्य तुळई इथे पोटात कुजून खचलीय, म्हणून वरची कौलं नीट बसत नाहीत. जुनं दुखणं आहे. नवीन घालायची तर अख्खं छप्पर उतरवायला लागतं. ते जमलं नसेल, म्हणून यांनी पाणी थांबवलं नाही. पाण्याला रस्ता करून दिला. चाळीस वर्षं छपरं करतोय मी, असलं काम बघितलं नाही. हा एक डबा घसरलाय बघा, तुमच्या उशीवरचा. बाकी एक जागचा हललेला नाही.”

“पण स्वतःच्या उशाशी कशाला आणायचं?” मी म्हटलं.

त्यानं तुळईवर बॅटरीचा उजेड पाडला. “हे वाचा.”

पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. यांचं अक्षर, मीटरच्या वहीतलं, बारीक आणि सरळ. एकाखाली एक ओळी. सगळ्यांत वरची तारीख पाहिली आणि माझ्या लक्षात आलं. त्या वर्षी आमची चार वर्षांची पोर दम्यानं निळी पडली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, हिच्या अंथरुणाला ओल लागता कामा नये. तेव्हा ती आतल्या खोलीत झोपायची. आणि पावडरचे डबे तर तिचेच, मी मोडीत काढायला ठेवलेले; हे म्हणायचे, राहू देत, कामाला येतील.

तारीख, आणि पुढे लिहिलं होतं: पोरीची गादी कोरडी.

त्याखाली पुढच्या वर्षीची तारीख. पोरीची गादी कोरडी. त्याखाली पुढचं वर्ष. पोरीची गादी कोरडी. अशा एकोणीस ओळी. मग पोरगी नोकरीला परगावी गेली, आणि यांच्या घोरण्याला कंटाळून मी माझं अंथरूण आतल्या खोलीत हलवलं. तिथून पुढच्या बारा ओळी मी वाचल्या आणि माझा हात तुळईवरच राहिला.

हिची गादी कोरडी.

हिची गादी कोरडी.

हिची गादी कोरडी.

मला रडू आलं. सरळ, मोठ्यानं, परक्या माणसांसमोर, धुळीत उभ्या उभ्या रडले मी. आठ महिने हा माणूस रोज सकाळी मला विचारत होता. बादलीत टपटप ऐकू आली की याला झोप लागायची, कारण तिथे पडतंय तोवर आत पडत नाही. यंदा आवाज कमी झाला, आणि हा विचारत राहिला. आणि मी ओट्याला धरून काय समजत बसले होते!

“काढायला लागेल हे सगळं,” मिस्त्री म्हणाला, आणि काढणं त्याच्याच जिवावर आलेलं दिसत होतं. “तुळई बदलायची तर दुसरा इलाज नाही. पण तुम्ही सांगाल तेव्हा.”

“काम तुम्हीच करायचं,” मी पदरानं नाक पुसत म्हटलं. “त्या विमानवाल्याला मी कळवते. पण आधी यांना दाखवल्याशिवाय एकही डबा मोडीत जाता कामा नये.”

दुसऱ्या दिवशी त्या दोघांनी छपराचं काम बाजूला ठेवलं. डबे एकेक करून खाली आणले, प्रत्येकावर खडूनं क्रमांक घातला होता, आणि अंगणात विटांवर, तसाच उतार देऊन, तशीच वळणं घेऊन, अख्खी वाट पुन्हा मांडली. एकतीस डबे. मी यांना खुर्चीत बसवून बाहेर आणलं. मिस्त्रीनं डोक्याचा रुमाल काढून काखेत धरला, तांब्या भरून आणला आणि यांच्यासमोर वाकला. म्हणाला, “मिस्त्री, बघा हं, बरोबर लागलंय का.”

आयुष्यात कोणी यांना मिस्त्री म्हटलं नव्हतं. यांनी मान हलवली. मिस्त्रीनं पहिल्या डब्यात पाणी सोडलं. ते निघालं, दुसऱ्यात उतरलं, तिसऱ्यात, कोपऱ्यावर जरा रेंगाळलं, वळलं, आणि कुठेही एक थेंब न सांडता यांच्या पायाशी ठेवलेल्या बादलीत येऊन पडलं. टप.

हे माझ्याकडे वळले. हात उचलला. “कोरडी?”

प्रश्नच होता तो. किती स्पष्ट प्रश्न होता! मी खाली बसले, यांचा हात हातात घेतला. “यंदा एकदा भिजली हो. तुम्ही नव्हता ना वर. पण आता हे नवीन करतायत. आता कोरडी राहील.”

यांनी डोळे मिटून घेतले. बऱ्याच दिवसांनी खांदे सैल पडलेले दिसले.

नवीन तुळई आली, कौलं परत बसली. नऊ दिवस लागले. जाताना मिस्त्रीनं जुन्या तुळईचा तो लिहिलेला, हातभर लांबीचा तुकडा कापून, रंधा न मारता, तसाच आणून दिला. मी तो यांच्या खाटेशेजारी भिंतीला टेकून ठेवला.

परवा दुपारपासून पाऊस लागला. घरात कुठे म्हणून थेंब नाही. हे सारखे बादलीकडे बघत होते. रिकामी होती, पण मी ती हलवली नाही. सकाळी मी बाहेर आले, तर हात वर.

“कोरडी?”

“कोरडी. हात लावून बघितली, अगदी कोरडी.”

मग मी यांच्या गादीखाली हात घातला, उशाशी, पायाशी, नीट सगळीकडे. पेन्सिल शोधली, चष्मा लावला आणि तुळईवर शेवटच्या ओळीखाली लिहिलं: यांची गादी कोरडी. माझं अक्षर यांच्याएवढं सरळ येत नाही. तुकडा उचलून मी यांच्यासमोर धरला.

यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग डाव्या हाताचं बोट माझ्या ओळीच्या सुरुवातीला, मोकळ्या जागेवर ठेवलं आणि दोनदा टकटक केलं.

तारीख राहिली होती. मी तारीख घातली.