तळाची ओळ

आमोदने ‘सरासरी तारे’ या मथळ्यावर टिचकी मारली आणि वेणूबाई यादीच्या तळाला गेल्या.

“बघ मावशी. चांगल्या बायका वर आल्या की नाही?”

“आल्या. वेणूबाई खाली का गेल्या?”

“त्यांना तारेच नाहीत. रकाना ब्लँक आहे. ब्लँक असला की सिस्टिम तळाला टाकते.”

“आणि ती मैना? पेशंटच्या फोनवर महिनाभर मालिका बघत बसली, ती वेणूबाईंच्या वर?”

“तिला दोन तारे आहेत ना. दोन म्हणजे काहीतरी आहे.”

आमोद जिला मावशी म्हणतो ती पद्मजा कर्वेनगरातल्या या ब्युरोत फोनवर बसते. आजारी माणसाजवळ राहायला बाई हवी असली की लोक इथे फोन करतात आणि पद्मजा बाई पाठवते. किती वर्षं, असं कुणी विचारलं तर ती सांगते, आमोद टेबलाखाली बसून स्टेपलर चघळायचा तेव्हापासून. आता वडिलांचा ब्युरो आमोद बघतो. दिवाळीपासून त्याने फोनवरून बाई पाठवणं बंद करून सगळं वेबसाइटवर नेलं होतं. लोक वय, भाषा, दिवसपाळी-रात्रपाळी, शाकाहारी असे चौकोन निवडतात, तारे वरून खाली लावून घेतात आणि वरच्या दोन-तीन नावांतलं एक उचलतात. पद्मजाकडे फोन येतात ते वेबसाइट उघडत नाही म्हणून.

“एक तारखेपासून चारच्या खालची सगळी नावं काढतोय,” आमोद म्हणाला. “तशीही ती कुणाला दिसत नाहीत. लोक फिल्टर लावूनच बघतात.”

“नाव काढलं की ब्युरोने दिलेली धायरीची खोलीही गेली त्यांची.”

“खोली काम करणाऱ्या बायकांसाठी आहे, मावशी. वेणूबाईंना काम कुठे आहे?”

हे खरं होतं. पूर्वी वेणूबाई रिकाम्या बसल्या आहेत असं कधी व्हायचं नाही. पुण्यात फोनवर कुणी ‘आमचे वडील आता जायला टेकलेत’ असं सांगत नाही. ‘जरा अशक्तपणा आहे’ म्हणतात. अशक्तपणा म्हणजे तापातून उठलेला माणूसही असतो आणि न उठणाराही. यातला कोणता, ते पद्मजा बोलता बोलता काढून घ्यायची आणि दुसऱ्या प्रकारच्या घरी वेणूबाईंना पाठवून द्यायची. का पाठवलं ते ना ती सांगायची, ना घरचे विचारायचे. वेणूबाईंचे पेशंट कधी बरे झाले नाहीत आणि त्याबद्दल कधी तक्रारही आली नाही.

“त्यांचा रकाना रिकामा आहे तो माझ्यामुळे,” पद्मजा म्हणाली. “मी त्यांच्या घरांना ताऱ्यांची लिंकच पाठवत नाही.”

“काय?”

“काम संपल्याचं कारण ‘मृत्यू’ असेल, तर मेसेजपुढची खूण मी काढून टाकते.”

वेबसाइट सुरू झाली त्या महिन्यात असा एक मेसेज एका घरी माणूस गेल्याच्या तिसऱ्या दिवशी गेला होता. ‘आमची सेवा कशी वाटली? तारे द्या.’ त्या घरच्या मुलाने फोन करून पद्मजाला जे ऐकवलं ते तिने निमूटपणे ऐकून घेतलं, कारण त्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला.

“अगं, पण मग डेटाच नाही येणार,” आमोद म्हणाला. तो चिडला नव्हता, थक्क झाला होता.

“सुतकात कसला डेटा मागायचा?”

“मग तेराव्यानंतर माग. कायमचं बंद कशाला?”

तेराव्यानंतरही तिच्याने ते झालं नसतं, पण हे काही उत्तर नव्हे.

“एका घराकडून तरी भरून आण,” आमोद म्हणाला. “चारच्या वर गेल्या की नाव राहील. माझं त्यांच्याशी काही वाकडं आहे का?”

पद्मजाने जोगळेकर सरांचं घर निवडलं, कारण ते दोनच गल्ल्या पलीकडे होतं आणि सर कुणावर ओरडत नसत. दिगंबर जोगळेकर गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई गेल्या तेव्हा वेणूबाईच त्यांच्याजवळ होत्या. त्याला आता चारेक महिने झाले होते. भाड्याची कॉट परत गेली होती, पण फरशीवर तिच्या पायांचे गंजाचे डाग तसेच होते.

“बसा. मी केलेला चहा पिण्यासारखा नसतो, म्हणून विचारत नाही.”

“नको, लगेच निघायचंय मला. वेणूबाईंबद्दल जरा भरून हवं होतं. इथे, फोनवर.”

“काय झालं त्यांना?”

“त्यांना काही नाही झालं. तारे नाहीत त्यांना.”

“तारे,” सर म्हणाले. “बरं. द्या इकडे.”

“मी भरते ना. आपण नुसतं सांगा.”

“उत्तरपत्रिका दुसऱ्याच्या हाताने लिहीत नाहीत.”

त्यांनी चष्मा बदलला आणि प्रश्न मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“‘वेळेवर येतात का?’ त्या आपल्या घरी जातच नव्हत्या, तरी पाच. ‘स्वच्छता’. पाच. ‘रुग्णाच्या प्रकृतीत सुधारणा झाली का?’”

त्यांचं बोट थांबलं.

“हे काय विचारलंय, पद्मजाताई?”

“सगळ्यांना एकच फॉर्म आहे, सर. पाच दिलेत तरी चालतील तिथे.”

“आनंदी बरी झाली, असं लिहू मी?”

पद्मजाने मान खाली घातली. सरांनी एक तारा दिला. शून्य देता येतं का ते आधी दाबून पाहिलं, येत नव्हतं.

“‘गरज पडल्यास याच व्यक्तीला पुन्हा बोलवाल का?’” त्यांनी वाचलं. “पुन्हा कुणासाठी बोलावू?”

तिथेही त्यांनी एकच तारा दिला आणि फोन परत केला.

“शेवटी शेवटी वेणूबाईंनी मला हाताला धरून तिच्याजवळ बसवलं,” सर म्हणाले. “मी आपला दारात उभा असायचो. सबंध संसारात मी तिचा हात असा धरून बसलो नव्हतो, मला ते सुचलंही नसतं. हे कुठे लिहायचं?”

“त्याला जागा नाही, सर.”

“मग फॉर्म चुकीचा आहे. माझी उत्तरं बरोबर आहेत.”

जिना उतरताना पद्मजाला सरांचा राग आला. दोन ठिकाणी बोट जरा उजवीकडे सरकवलं असतं तर त्यांचं काय गेलं असतं, असं तिला वाटलं. मग तिने त्या दोन ठिकाणी स्वतः पाच तारे देऊन पाहण्याचा विचार केला, खालच्या पायरीवर उभी राहून फोन उघडलाही, आणि तसाच बंद करून पर्समध्ये टाकला. आनंदीबाई बऱ्या झाल्या, असं तिच्याही हातून लिहवेना.

सरासरी तीन आली. यादीत वेणूबाई तळावरून उठून मैनेच्या वर गेल्या, पण चारची रेघ अजून लांब होती.

आमोदने उत्तरं एकामागून एक वाचली आणि खुर्चीत मागे रेलला. पोरगा वाईट नव्हता. त्याला जे पडद्यावर दाखवता येत नाही त्याची अडचण होई, इतकंच.

“मावशी, मग यांची तुलना इतरांशी करायलाच नको. वेगळा चौकोन करू. तिथे ताऱ्यांची अट नाही.”

संध्याकाळपर्यंत त्याने केलाही. वेबसाइटवर डावीकडे, शाकाहारीच्या खाली, नवा चौकोन आला: ‘अखेरच्या टप्प्यातील सेवा’. त्यात खूण केली की तक्ता रिकामा होई आणि एकट्या वेणूबाई उरत.

“महिनाअखेरपर्यंत यातून एक बुकिंग आलं तर नाव ठेवतो,” आमोद म्हणाला. “नाही आलं तर मलाही वडिलांना काहीतरी सांगावं लागतं.”

कोणता चौकोन कितीदा वापरला गेला, याचाही एक अहवाल निघतो. पद्मजा तो रोज उघडून बघू लागली. शाकाहारी खूप चाले. मराठी बोलणारी, पन्नाशीच्या आतली, हेही चाले. शेवटच्या चौकोनापुढे शून्य असायचं. महिना संपत आला तरी शून्यच. दरम्यान आजाराच्या रकान्यात लोक अशक्तपणा, उतारवय, भूक मंद असं लिहीतच होते, आणि त्यातली कोणती घरं वेणूबाईंची होती ते पद्मजाला नुसतं वाचून कळत होतं. त्या घरी चार पूर्णांक आठवाल्या बायका जात होत्या.

एक दिवस वेणूबाई स्वतःच आल्या. बीडकडच्या, साठीला टेकलेल्या, आवाज बारीक. खोलीतल्या कामावर जाणाऱ्या बायकांच्या भाकऱ्या थापून देत दिवस काढत होत्या. त्या खुर्चीवर न बसता दाराशीच उभ्या राहिल्या.

“ताई, माझं नाव हाय ना त्यात?”

“आहे. वेगळ्या चौकोनात आहे.”

“कंच्या?”

पद्मजाने वाचून दाखवलं. तिने ते शक्य तितकं भराभर वाचलं.

“आसं लिव्हल्यावर कोन बोलवील?” वेणूबाईंनी शांतपणे विचारलं. “मी बी कुनाच्या घरात आसं म्हनत न्हाई. मी म्हनते, आज्जी, दोन दिसात चालायला लागताल. त्यास्नी बी ठावं आसतंय, मला बी ठावं आसतंय.”

“तुम्ही गावी गेलात तर कुणाकडे राहाल?”

“भाऊ हाय. भावजय बी हाय. तिकडं काय, पडून ऱ्हायचं. इथं कुनाला तरी आपली गरज लागती.”

त्या गेल्यावर पद्मजाला फार वाईट वाटलं. आपण ज्याला माणुसकी समजलो त्याची किंमत वेणूबाई देताहेत, हे तिला दिसत होतं, आणि तरी पुन्हा तशी वेळ आली तर त्या घरांना आपण मेसेज जाऊ देऊ का, याची तिला खात्री देता येईना.

महिन्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी विश्रांतवाडीहून फोन आला. शेफाली नावाची बाई होती. आधी दोन बायका नेलेल्या, आता तिसरी हवी होती.

“पहिलीला चार पॉइंट नाइन होते हो, ती तिसऱ्या दिवशी गेली. म्हणाली, तुमचे बाबा झोपूच देत नाहीत. दुसरी काल न सांगता गेली. मी परत सॉर्ट करून बघतेय, तीच तीच नावं वर येतायत.”

“वडिलांना काय होतंय?”

“काही नाही, अशक्तपणा आहे.”

“जेवतात का?”

“दोन चमचे पेज. तीसुद्धा कधी कधी बाहेर येते.”

“आणि झोपू देत नाहीत म्हणजे?”

“हाका मारतात. आईला. आई नाहीये हो आमची. जाऊन बरीच वर्षं झाली.”

पूर्वी पद्मजाने इथेच पत्ता विचारून फोन ठेवला असता.

“शेफाली, डावीकडे चौकोन दिसताहेत ना? त्यातला शेवटचा बघा.”

मग शेफालीचा आवाज आला, बदललेला.

“हा नाही हो. तसं काही नाहीये बाबांना. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, घरी बरं वाटेल.”

“घरी न्या म्हणाले, तेव्हा तुम्ही त्यांना आणखी काही विचारलंत का?”

“नाही.”

“का नाही विचारलंत?”

शेफालीच्या मागे एका म्हाताऱ्या माणसाची हाक ऐकू आली, जेवायला बोलवावं इतकी साधी. माणूस जायला टेकलाय हे पद्मजाने आजवर फोनवर कुणाला कळू दिलं नव्हतं. तो तिचा नेम होता, आणि आज तिने तो मोडला. त्यातून या मुलीच्या बापाची रात्र नीट जाणार होती हे खरं, पण वेणूबाईंचं नाव राहावं म्हणूनही मोडला, हेही खरं. तिला स्वतःची शरम वाटली. तरी तिने फोन ठेवला नाही.

“केली खूण,” शेफाली म्हणाली. ती रडत होती, पण बोलणं स्पष्ट होतं. “एकच नाव आलंय.”

“वेणूबाई. त्याच.”

“यांना तारे तीनच आहेत.”

“हो.”

“चांगल्या आहेत ना?”

“चांगल्या आहेत. रात्री जाग्या राहतात.”

कळफलकाचा आवाज आला.

“पुढे विचारतंय, किती दिवसांसाठी हव्यात.”

“रिकामं ठेवा ते.”

“ठेवलं. पुढे जाऊ देत नाहीये. आकडा टाका म्हणतंय.”

पद्मजाने फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला घेतला.

“तीस लिहा,” ती म्हणाली. “कमी पडले तर वाढवता येतात.”

शेफालीने तीस लिहिले. बुकिंग झाल्याची ओळ पद्मजाच्या पडद्यावर आली, तिथेही तीसच दिसत होते. तिने धायरीच्या खोलीवर फोन लावला आणि वेणूबाईंना सांगितलं, उद्या सकाळची वाट बघू नका, रिक्षा करा आणि आत्ताच निघा.