हात सोडा, बाई

भिंगरीने जांभळा खडू उचलला, कागदावर टेकवला आणि तशीच थांबली. मग मान वर करून म्हणाली, "आई, धर ना."

"काय धरू?"

"हात. चित्र काढायचंय."

"तुझाच हात आहे की. काढ."

तिला माझं बोलणं कळलंच नाही. तिने मनगट माझ्यापुढे सैल सोडलं, पिळून ठेवलेल्या ओल्या मोज्यासारखं. चौथं वर्ष अजून पुरं व्हायचंय. बालवर्गात जायच्या आधी या बाईसाहेबांनी घरातली एक भिंत सोडली नव्हती. फ्रिजचं दार, बाबाच्या गणवेशाचा शर्ट, आजीच्या उशीचा अभ्रा, सगळीकडे हिचा कारभार. आणि आता हात धरल्याशिवाय खडू हलत नव्हता.

सकाळी तिला सोडायला गेले ती थेट वर्गात शिरले. भिंतीवर चित्रं ओळीने लावलेली. घर, घराला दोन खिडक्या, मागे दोन डोंगर, मधोमध सूर्य. शेजारच्या कागदावर तेच घर, तेच डोंगर. पोटची पोर असून तिचं चित्र मला खालचं नाव वाचून शोधावं लागलं.

वर्गाच्या बाई तरुण आहेत, ओरडून ओरडून घसा बसलेला. "अहो भिंगरीची आई, एकेकाचा हात धरून काढून घेते मी. कंबरेचा काटा ढिला होतो. नुसत्या रेघोट्या घरी पाठवल्या की पालक विचारतात, दिवसभर करता काय तुम्ही?"

त्यांचंही खोटं नव्हतं.

"मी नाही विचारणार," मी म्हटलं. "माझ्या मुलीचा हात नका धरू."

हे ऐकून मुख्य बाई केबिनमधून बाहेर आल्या. "शनिवारी प्रदर्शन आहे. तुमच्या मुलीच्या जागी काय लावू, कोरा कागद?"

"ती काढेल ते लावा."

"आणि नाही काढलं तर? मोठ्या वर्गात घेताना हे सगळं बघितलं जातं, बरं का."

घरी सासूबाईंना सांगितलं, तर त्या उलट माझ्यावरच घसरल्या. "आम्हीही हात धरूनच गिरवून घेतलं मुलांकडून. तुझा नवरा त्याच हातांनी बस चालवतो. जाते का वाकडी?"

"अक्षर ठरलेलं असतं, आई. 'क' मनाने काढला तर वाचणार कोण? चित्राचं तसं नाही. ते आतून यावं लागतं."

"मग बस वाट बघत."

बसले. कागद पुढे ठेवला की भिंगरीचा ओठ थरथरायचा. एकदा तिने खडू भिरकावला आणि ओरडली, "मला येत नाही!" हे वाक्य माझ्या घरात यापूर्वी कुणी उच्चारलं नव्हतं. मी कागद उचलून कपाटात टाकले.

मागच्या अंगणात पाण्याची बादली ठेवली आणि रंगाऱ्याचा झडलेला ब्रश. भिंत मोकळी होती.

"काय काढू?" तिने विचारलं.

"मला काय माहीत?"

बराच वेळ ती ब्रश नुसता बुडवून ठिबकवत राहिली. मग भिंतीला एक फटका मारला. ओला डाग उमटला, उन्हात बारीक होत गेला आणि नाहीसा झाला. तिने दुसरा मारला. पाण्याचं बरं असतं, ते कुणाला दाखवायला उरत नाही. मग आम्ही चिखल कालवला, पानं कुस्करून दगडावर घासली. सासूबाईंनी "नासधूस नुसती" असं पुटपुटत भिजवलेल्या पिठाचा गोळा दिला. भिंगरीने त्याला बोटाने भोकं पाडली. ती बुजवायला सासूबाईंचा हात पुढे आला. मी फक्त बघितलं. त्यांनी तो मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.

कागदाशी मात्र अजून कट्टीच होती. शुक्रवार संपला तरी खडूला हात लागला नव्हता.

"नसू दे," नवरा म्हणाला. "कोरा तर कोरा. आपण सगळे त्याच्यासमोर उभे राहू आणि वा वा करू."

शनिवारी खरंच कोराच लागला. घर, डोंगर, सूर्य, घर, डोंगर, सूर्य, आणि मध्येच एक पांढरा कागद. कुणाची तरी मावशी म्हणाली, "ही गैरहजर होती वाटतं?" मुख्य बाईंना ते लागलं असावं. त्यांनी भिंगरीला मधल्या टेबलाशी बसवलं, पुढे कागद आणि खडू ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चल बाळ, पटकन काढून दाखव पाहुण्यांना."

वर्गाच्या बाई मागून वाकल्या आणि सवयीने तिचा हात धरला. ते मनगट सैल पडताना मी पाहिलं.

"हात सोडा, बाई!"

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. चटका बसल्यासारखा बाईंनी हात काढला. भिंगरीचा खडू कागदावर टेकून तसाच.

"बघा, थांबलीच ती," मुख्य बाई हळूच म्हणाल्या.

"मग आपणही थांबू."

कुणी खोकलं, कुणी घड्याळ पाहिलं. भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. हो म्हणून मान हलवावी असं फार वाटलं, पण तेही हात धरणंच झालं असतं. मी दगडासारखी उभी राहिले.

खडू सरकला. बोटभर रेघ, वाकडी. मग थांबला. मग तिने असा जोर लावला की खडूचे दोन तुकडे झाले. त्यातला बारका तुकडा मुठीत धरून ती जी सुटली, ती कागदाची कड ओलांडून टेबलावरच्या कापडावर गेली.

"अहो, कापड!" मुख्य बाई ओरडल्या.

"मी धुऊन देईन. तिला अडवू नका."

मघाचीच मावशी वाकून प्रेमाने म्हणाली, "काय गं काढलंस हे?"

भिंगरीने मान वर केली नाही. "थांब ना. अजून होतंय."

मुख्य बाईंनी मला बाजूला घेतलं. "सोमवारी या. पुढच्या वर्गाबद्दल बोलावं लागेल."

"येते की. आणि दुसऱ्या कुणी काढलेलं चित्र तिच्या नावाने लागणार नाही, तेही तेव्हाच बोलू."

त्या यावर काहीतरी म्हणाल्या, नियमांबद्दलच असणार. माझं लक्ष टेबलाकडे होतं. वर्गाच्या बाईंनी आणखी एक कागद पुढे सरकवला होता. भिंगरीने तो ओढून घेतला, कोपराने दाबला आणि कुणाकडेही न बघता सुरुवात केली.