गोदाकाकीची आकाशवाणी

कंस रथ थांबवून आभाळाकडे बघत उभा होता, आणि आभाळातून काहीच येत नव्हतं.

रथ म्हणजे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. मागच्या खुर्चीवर देवकी, तालमीपुरती मिशीसकट. रविवार सकाळ, देवळासमोरची सहाण म्हणजे पालखी टेकवायचा चौथरा, आणि कोपऱ्यात लॅपटॉपपुढे वाकलेला माझा रामाकाका. कंसाने मिशीला पीळ दिला. तीनदा राक्षसी हसला. रथाभोवती एक फेरी मारली. मग थकून वर बघत म्हणाला, “काकी, भाकरी तव्यावर हाय काय? होऊ द्या सावकाश, आमी थांबतो.”

सगळी सहाण हसली. काकाही हसला. तेवढ्यात लॅपटॉपशेजारची काळी हार्ड डिस्क ‘कर्रर्र’ करून जागी झाली, वीज कडाडली आणि गोदाकाकीचा आवाज घुमला, “कंसा, हिचा आठवा पुत्र तुझा काळ ठरेल.”

तोवर कंस पाणी प्यायला गेला होता.

आमच्या गावाचं नमन, म्हणजे गण-गौळण-वगाचं कोकणातलं लोकनाट्य, पूर्णगडपासून पार खेडपर्यंत माहीत आहे, आणि त्याचे आवाज रामाकाकाचे. दिवसा तो पंपांच्या मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या तारा काढून नव्या गुंडाळतो. बाकीच्या वेळात आवाज गोळा करतो. वीज, घोडे, समुद्र, रडणारं बाळ (ते मी होते). आकाशवाणी मात्र काकीची. आमच्या नमनात बायका रंगमंचावर जात नाहीत, गौळणीसुद्धा पुरुषच. काकीला फार हौस. शेवटी काकाने तिला आपल्या दुकानात बसवून रिकाम्या तांब्याच्या हंड्यात तोंड घालून बोलायला लावलं, आणि तिच्यावर नि हंड्यावर गोधडी टाकून ते रेकॉर्ड केलं. असा घुमला म्हणता आवाज, की पहिल्या प्रयोगाला पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले.

काकी जाऊन आता काही वर्षं झाली. आकाशवाणी अजून तिचीच होती. म्हणजे त्या रविवारपर्यंत.

“रामा, ह्या वेळंला आपण वाडीतल्या सानवीला आतनं माइकवर बोलायला लावू,” मंडळाचे अध्यक्ष बाळाअण्णा म्हणाले. “पुढच्या रविवारी रत्नागिरीत स्पर्धा हाय. परीक्षक काय कंसाच्या फेऱ्या मोजायला बसणार नायत.”

“अण्णा, ही डिस्कची डबी झोपते हो मदीच,” काका म्हणाला. “मोठा संवाद आला की झोपली.”

“तेच सांगतो. गोदा जिती असताना तिच्यापायी एस्टी थांबायची. आता आख्खं नमन थांबतं.”

लोक पुन्हा हसले. या वेळी काका हसला नाही. वायर गुंडाळत बसला, नीट गुंडाळलेली वायर पुन्हा सोडवून.

आता सांगायलाच हवं, की मी नववीत आहे आणि या वर्षी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या गटाचा पहिला नंबर आलाय. त्यामुळे मी उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “अण्णा, मी डिस्कला झोपूच देणार नाही.”

अण्णांनी मला खालून वर पाहिलं. मला ते ग्यानूच म्हणतात. “ग्यानू, गुरवारच्या तालमीला काकी वेळेवर आली तर काकी. नायतर सानवी.”

घरी जाऊन मी लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये ‘हार्ड डिस्क कधीच बंद करू नये’ असं करून टाकलं. झालं काम. “बघ काका, किती सोपं.” आम्ही चहा प्यायलो, परत आलो, मी ऐटीत बटण दाबलं.

कर्रर्र.

“मी सगळे आवाज लॅपटॉपवरच उतरवते ना,” मी म्हणाले.

“नाय हां बाय. मागं उतरवताना आपला समुद्र अर्दाच आला होता. तिला नाय हलवायचं.” आणि त्याने डिस्कवर हात ठेवला, तापलेल्या मोटारीवर ठेवतो तसा.

दोन दिवस मी शाळेच्या संगणक कक्षात शोधत बसले, मधली सुट्टी, खेळाचा तास, सगळं घालवून. तेव्हा कळलं की काही डिस्कचं स्वतःचंच घड्याळ असतं. लॅपटॉपने काहीही सांगू दे, बराच वेळ कुणी काही मागितलं नाही की त्या आपल्या मनाने झोपतात. म्हणजे अगदी आमच्या वर्गातला शेवटचा बाक.

“मग तिला कुकारा देत राहायचा,” काका सहज म्हणाला.

“म्हणजे?”

“भाताच्या राखणीला रानात बसलो की एक जण शेताच्या ह्या मेरेवरनं ‘कूऽ’ करतो, दुसरा त्या मेरेवरनं. मंजे डुकरं पळतात, नि समोरचा जागा हाय तेबी कळतं.”

काका, तू थोर आहेस, असं मी म्हणाले नाही, कारण तो लगेच लाजतो. मी चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. दर मिनिटाला डिस्कवर एक इवलीशी फाइल लिहायची, पुसायची, पुन्हा लिहायची. प्रोग्रॅमचं नाव ठेवलं ‘कुकारा’. आम्ही चहा प्यायलो. जेवलो. काका एक मोटार भरून आला. मग त्याने स्वतः बटण दाबलं.

“कंसा,” काकी म्हणाली, बटणावरचं बोट उचलायच्या आत.

काकाने बोट हळूच मागे घेतलं. मग म्हणाला, “हिला एवढी घाई कदीपासनं?”

गुरुवारी तालमीला काकी वेळेवर आली. अण्णांनी तीनदा खात्री केली आणि मान डोलावली. फक्त कंस नव्हता. कंस होणाऱ्या संदेशदादाला रिक्षाचं लग्नाचं भाडं लागलं होतं, त्याच्या जागी अण्णांनीच वही हातात धरून संवाद म्हटले. काकी आता वेळेवर येते हे त्याला कळवायचं तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

स्पर्धेला आमचा नंबर दुपारी लागला. काका विंगेत, मी त्याच्या शेजारी. पलीकडे सानवी माइक धरून तयार, कारण अण्णांचा विश्वास अजून पाऊणच होता. गण झाला, गौळण झाली, आमच्या विदूषकाने, म्हणजे संकासुराने, हशा घेतला आणि वग सुरू झाला. वसुदेव-देवकीचा संवाद लांबच लांब. काका डिस्कवरच्या दिव्याकडे बघत होता. दिवा मधूनच लुकलुकायचा, आणि काका दर वेळी हळूच मान हलवायचा.

कंसाने रथ थांबवला. संदेशदादाला आता वेळ काढायची सवय. त्याने आरामात प्रेक्षकांकडे पाठ केली, मिशीकडे हात नेला.

आणि वीज कडाडली.

“कंसा!”

संदेशदादा खरोखरचा उडाला. मुकुट कानावर घसरला, लगाम पायात अडकला, मिशी अर्धी त्याच्या हातात आली. तो वर बघत राहिला, तोंड उघडं, रंगाखालून पांढराफटक. काकी आपलं वाक्य पूर्ण करून थांबली तरी त्याला पुढचं सुचेना. आणि नाट्यगृहात अशा टाळ्या पडल्या की बास.

“काय भ्यालाय बघा,” अण्णा माझ्या कानाशी म्हणाले. “आयुष्यात पयल्यांदा अभिनय केला त्याने.”

सानवीने माइक खाली ठेवला. “आपण नाय बोललो तेच बरं झालं,” ती म्हणाली. “असं मला जमलंच नसतं.”

संदेशदादा आत आला तो घामाने चिंब. “रामाकाका, सांगायचं तरी होतं. मला वाटलं खरीच आली.”

संध्याकाळी बक्षिसं जाहीर झाली. आमच्या नमनाला तिसरा नंबर, कंसाला अभिनयाचं बक्षीस, आणि परीक्षकांमधल्या एक बाई माइकवर म्हणाल्या, “आकाशवाणीच्या आवाजाला आम्ही खास प्रशस्तिपत्र देतो आहोत. त्या ताईंनी मंचावर यावं.”

आमची सगळी रांग काकाकडे बघायला लागली. काकाने शर्ट नीट केला, माझा हात धरला आणि निघाला. पायऱ्या चढताना तो माझा हात जरा जास्तच घट्ट धरून होता.

बाईंच्या पुढ्यात प्रशस्तिपत्र होतं, नावाची जागा कोरी. त्यांनी पेन उघडलं. “ताई नाही आल्या?”

“आलेली,” काका म्हणाला. “आवाज दिला नि गेली.”

“नाव सांगा त्यांचं.”

“गोदावरी रामचंद्र पाष्टे.”

बाईंनी पेन टेकवलं आणि पुन्हा वर पाहिलं. “नावाआधी काय लिहू?”

मी लोकांचं मराठी नेहमी दुरुस्त करते. घरी सगळे वैतागतात. त्या वेळी मी काकाच्या चपलांकडे बघत राहिले.

“सौ. लिवा,” काका म्हणाला.

बाईंनी वळणदार अक्षरात तसंच लिहिलं. काकाने शाई वाळेपर्यंत कागद दोन्ही हातांवर आडवा धरून ठेवला, आणि मग जपून पायऱ्या उतरला.