निळ्या दोऱ्याची बाटली

फुल्क्रांचं मत एकदा ठरलं की खुद्द पोप दारात आले तरी बदलायचं नाही. टेकडीवरच्या करिन्यां द्राक्षाच्या म्हाताऱ्या वेली उपटायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं. सोमवारी मशीनवाला येणार होता. बाकी मळ्याची छाटणी उरकली, पण तेवढ्या वेलींना कुणी कात्री लावली नाही.

ओदीलचा, त्यांच्या लेकीचा, जीव तुटत होता. द्राक्षं मूठभर येत, कबूल! पण त्यांच्यावाचून घरच्या लाल वाइनला कणाच नाही, असं ती सांगून थकली.

शेवटी घरचा जुना नियम तिनं पुढे केला. टाक्यांतली वाइन कशी मिसळायची यावर वाद झाला, तर दोन्ही मिश्रणं बिनलेबलाच्या बाटल्यांत भरून, ओळखीपुरता गळ्याला रंगीत दोरा बांधून, रविवारच्या जेवणाला ठेवायची. जी आधी संपेल ती खरी. तोंडानं कोण काय म्हणतं ते धरायचं नाही.

"मी हरलो तर वेली राहतील," फुल्क्रां म्हणाले. "तू हरलीस तर पुन्हा विषय काढायचा नाही."

रविवारी सिदोनीआत्यानं वेलींच्या वाळल्या काड्यांवर कोकराच्या बरगड्या भाजल्या. लाल दोऱ्याच्या बाटलीत बाबांचं मिश्रण होतं. निळ्यात तेच, पण करिन्यां घातलेलं. ओदील लाल बाटलीतूनच घेत राहिली. आपल्याच पारड्यात आपण कशाला वजन टाका? आणि मेली ती चांगलीच निघाली! गोल, गुळगुळीत.

"बघ, कशी सरळ उतरते," बाबा म्हणाले. "तुझी करिन्यां म्हणजे नुसती आडदांड." असं म्हणत त्यांनी बरगडी उचलली आणि ग्लास भरून घेतला. निळ्या बाटलीतून.

आत्यानं ओदीलला कोपर मारलं. ओदीलनंही मग चोरून घोटभर चाखली. अहाहा! ना जड, ना पाणचट. गोडवा औषधाला नाही. आधी काळं ऑलिव्ह, मग उन्हात तापलेल्या टेकडीवरच्या रानथाइमच्या पाल्याचा वास, आणि शेवटी जिभेला जरासा चिमटा, की पुढचा घास मागावाच.

बाबांचं भाषण चालूच होतं. "आजकाल लोकांना मऊ लागतं. ही असली दांडगाई कोण पिणार?" पुन्हा हात निळ्याकडे. बाटली उपडी केली, थेंब पडला.

"तूच प्यायलास की रे, दादा!" आत्या खो खो हसत म्हणाली. "तुझी बिचारी अर्धी तशीच आहे."

फुल्क्रांनी दोन्ही बाटल्यांकडे पाहिलं. मान लाल झाली.

ते उठले, खुंटीवरची छाटणीची कात्री घेतली आणि टोपी चढवली.

"बाबा, कुठे निघालात? चीज राहिलंय अजून."

"टेकडीवर," ते गुरगुरले. "वेळ टळून जाईल छाटणीची. चल, आणि निघताना त्या मशीनवाल्याला येऊ नको म्हणून फोन कर."