डाव्या मागच्या चाकावरचं भूत

“उठली! आरं, उठली बघा!”

राधाकृष्ण आण्णांच्या अंगणात जमलेल्या शे-दीडशे माणसांनी एकदम गलका केला. चपला काढून, हात जोडून ही मंडळी उभी होती ती देवासमोर नव्हे, एका मोटारीसमोर. काळी कुळकुळीत, परदेशी बनावटीची, पुण्याच्या कुणा बिल्डरानं वापरून विकलेली मोटार. रात्रभरात तिचा डावा मागचा कोपरा अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखा खाली बसायचा, चाक निम्मं पत्र्याआड जायचं. मग भारउतारे महाराज यायचे, शंख फुंकायचे, घंटा बडवायचे, आणि कुणी बोटसुद्धा न लावता तो कोपरा हळूहळू वर यायचा. हा चमत्कार बघायला आता श्रीगोंद्याहून माणसं येत होती.

“सव्वा मणाचं भूत आहे!” महाराज गरजत. “डाव्या मागच्या चाकावर बसतं. तिथंच का? अरे, पुढं ड्रायव्हर, शेजारी मालक, मागं उजवीकडं मालकीण. मग भुतानं बसावं तरी कुठं?”

लोक माना डोलवत. भुताची ही अडचण सगळ्यांनाच पटायची.

मग महाराज आण्णांच्या लेकाला हुकूम सोडत, “अमृत, इंजिन चालू कर! भुताला धग लागली पाहिजे! दारं लावा सगळी! एक जरी दार उघडं राहिलं, तर उतरलेलं भूत परत आत शिरेल!”

गोजरबाई स्वयंपाकघराच्या दारात पिठाच्या हातांनी उभी राहून हे सगळं बघत होती. आण्णांची बायको, म्हणजे ह्या घराची मालकीण. तिला भुताचा नाही, पण घंटेचा भारी राग होता. त्या घंटेपायी रोज सकाळी तव्यावरची एक तरी भाकरी करपायची. शिवाय तिला एक गोष्ट खटकायची. घंटा मधेच थांबली की गाडीच्या पोटातून घर्रर्र असा बारीक आवाज ऐकू यायचा, आणि महाराज लगेच दुप्पट जोरानं घंटा बडवायचे.

इथवर सगळी गंमत होती. गावाला करमणूक, महाराजांना शिधा, आणि आण्णांना मान. पण गेल्या गुरुवारी महाराजांनी डोळे मिटले आणि निदान केलं.

“राधाकृष्ण, हे भूत गाडीचं नाही. कुणाच्या तरी पायानं घरात आलंय. गाडी घरी कधी आली?”

“अमृतच्या लग्नाच्या तिसऱ्या दिवशी,” आण्णा म्हणाले.

“आणि सून?”

अंगणातल्या सगळ्या नजरा पडवीतल्या ज्ञानेश्वरीकडं वळल्या. लग्नाला पुरते तीन महिने झाले नव्हते. पोरगी हातात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. महाराजांनी हुकूम सोडला. अवसेला शेवटचा विधी करायचा आणि त्याच दिवशी सुनेला श्रीरामपूरला माहेरी धाडायचं. गाडी सलग सात रात्री आपोआप सरळ उभी राहिली, तरच तिनं परत उंबरा ओलांडायचा.

गाडी तर एक रात्रसुद्धा सरळ राहत नव्हती. म्हणजे पोरगी कायमची गेली, हे गोजरबाईला लगेच कळलं. आण्णांना मात्र कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. शोरूमवाल्यांनी फोनवरच सांगितलं होतं की मागच्या चाकांचा सगळा संचच बदलावा लागेल, आणि त्याचा आकडा ऐकून आण्णा खाटेवर बसले होते. त्यापेक्षा महाराज स्वस्त पडत होते.

“आरं अमृत, तुझी बायको हाय ती. कायतरी बोल की!” गोजरबाईनं लेकाला झाडलं.

“आण्णांपुढं काय बोलू, आई?”

“लग्नात उखानं घेताना लई तोंड चालत हुतं. आता दातखीळ बसली व्हय?”

अमृतनं मान खाली घातली. मान खाली घालायला त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

अवसेच्या दिवशी सकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पडवीत ज्ञानेश्वरीची बॅग भरून ठेवलेली. पोरीचे डोळे सुजले होते, पण रडत नव्हती. शेजारची छबूबाई गोजरबाईच्या कानाशी लागली, “वैनी, अवसंला कोन सुनंला घराबाहेर काडतं का? पर महाराज सांगत्यात म्हंजी असंल कायतरी.”

महाराजांनी शंख फुंकला. घंटा उचलली. मग इकडंतिकडं बघितलं.

“किल्ली कुठं आहे?”

किल्ली अमृतच्या खिशात, आणि अमृत मोटरसायकलवर कारखान्यावर गेलेला. आण्णांनी फोन लावला. तो म्हणाला, निघालोय, अर्धा तास लागंल.

“मग थांबू या,” असं म्हणून महाराजांनी घंटा खाली ठेवली.

गोजरबाई पुढं झाली. गावासमोर नवऱ्याच्या पुढ्यात उभं राहायची तिची ही पहिलीच वेळ. पण आज राग मोठा होता.

“महाराज, भूत मंतरानं उतरतं ना?”

“अर्थात, माते.”

“मंतर तुमच्या तोंडात हाय. मग किल्ली कशापायी पायजे?”

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. महाराज क्षणभर गडबडले. “किल्ली म्हणजे... वाहनाचा प्राण, माते. प्राणावाचून देह उठेल का?”

“गोजर, आत जा!” आण्णा ओरडले.

“जाते. आदी गाडी उठूद्या.”

अर्ध्या तासानं अमृत आला. त्यानं किल्ली काढली तशी गोजरबाईनं ती झडप घालून घेतली आणि सुनेच्या हातात दिली. “ज्ञानू, बस गाडीत. चालू कर. आन् महाराज, तुमी जरा गप ऱ्हावा. शंख न्हाई, घंटा न्हाई.”

ज्ञानेश्वरी पुढच्या सीटवर बसली. सगळ्या गावाच्या नजरा अंगावर, त्यात दार ओढून घ्यायचंही भान राहिलं नाही. इंजिन सुरू झालं. सगळं गाव श्वास रोखून बघत राहिलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. गाडी होती तिथंच बसून.

महाराजांच्या चेहऱ्यावर तेज आलं. “बघा! मंत्राविना उठत नाही! आणि आत बसलंय कोण, तेही बघा!”

आपल्याच हातानं पोरीला खड्ड्यात घातलं, असं गोजरबाईला वाटलं. आण्णांनी बॅगेकडं बोट दाखवलं आणि अमृत खरंच, अगदी खरंच, ती उचलायला निघाला.

“थांबा, आत्या!” गाडीतून ज्ञानेश्वरी सासूकडं बघत ओरडली. “महाराज रोज दारं लावायला सांगतात ना? मी दार लावलंच नाही!”

“दाराचा काही संबंध नाही!” महाराज घाईघाईनं म्हणाले. एवढी घाई त्यांनी कधी प्रसादालाही केली नव्हती.

धाडकन दार लागलं. घर्रर्र असा आवाज झाला. घंटा नव्हती, त्यामुळं तो आज साऱ्या अंगणानं ऐकला. आणि डावा मागचा कोपरा डुलत डुलत वर आला.

लोकांनी आ वासला. पण गाव इतक्या सहज हरत नसतं. “महाराजांचा मंतर मुरलाय गाडीत,” छबूबाई म्हणाली. “लोनच्यासारका.”

तेवढ्यात गर्दीच्या मागून नूरमहंमद पुढं आला. फाट्यावर त्याचं पंक्चरचं दुकान. “वैनी, हिच्या चाकावर स्प्रिंगा न्हाईत. रबराचे फुगे हायेत, ट्रॅव्हल्सच्या मोठ्या गाड्यांना असत्यात तसले. त्यात हवा भरली की गाडी वर, हवा गेली की खाली. ह्यो घर्रर्र आवाज हवा भरायच्या पंपाचा. दार उघडं असलं की पंप थांबतो, म्हंजी उतरनाऱ्या मान्साला लागू नये. कुटंतरी हवा गळतीया, बास.”

“मग इतके दिवस तोंड शिवलं हुतं का तुमचं?”

“आण्णांना पैल्याच आटवड्यात सांगितलं हुतं. म्हनले, पंचरवाल्यानं पंचर काडावं.”

आण्णांनी उपरणं सारखं केलं आणि आभाळाकडं बघितलं.

“हवाच गळतीय व्हय?” गोजरबाई म्हणाली. “मंग भुताचं बघतेच.”

ती आत गेली आणि कपड्याच्या साबणाचं घट्ट फेसाळ पाणी वाटीत घेऊन आली. गॅसची टाकी बदलली की ती दर वेळी नळीच्या जोडाला हाच फेस लावायची. बुडबुडे आले की गळतंय, नाही आले की चहा ठेवायचा. बाईच्या स्वयंपाकघरातलं हे शहाणपण, त्याला कधी कुणी शंख फुंकून ओवाळलं नाही.

नूरमहंमदनं जॅक लावला आणि वर लाकडी ठोकळेही सारले. “नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये,” असं त्यानं पोरासोरांना दोनदा बजावलं. मग खाली सरपटत जाऊन फुग्याला फेस लावला. काही नाही. जोडाला लावला. काही नाही. महाराज हळूच खडावा शोधायला लागले.

“फुग्याकडं जानारी बारकी नळी असंल की न्हाई?” गोजरबाई वाकून म्हणाली. “तिला लावा.”

“लावतो. पर वैनी, हितं काय बांदलंय हे?”

त्यानं टॉर्च मारला. बोटाएवढ्याही जाड नसलेल्या त्या नळीला लोखंडी तारेचे कचकचून पिळे दिलेले, आणि त्या तारेत ओवलेलं वाळकं लिंबू, सात मिरच्या, बिब्बा आणि काळी बाहुली. एक नव्हे, तीन माळा, एकीवर एक. नूरमहंमदनं तारेखाली फेस लावला मात्र, बुडबुड बुडबुड करत तिथं असे फुगे उठले की बघायला वाकलेली पोरं खिदळायला लागली.

“सापडलं रं भूत!”

“ही तार कोनी बांदली?” गोजरबाईनं विचारलं, पण तिची नजर आधीच आण्णांवर गेली होती.

बांधली होती आण्णांनीच. महाराजांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, नव्या वाहनाला नजर लागते, माळ बांध. पुढच्या चकचकीत पत्र्याला ओरखडा पडेल म्हणून आण्णांनी बनियनवर गाडीखाली शिरून, हाताला लागली त्या नळीला ती बांधली होती. मग दर अवसेला नवी माळ, आधीच्यापेक्षा घट्ट. तार घासत गेली, नळी चिरत गेली, गाडी जास्त लवकर बसायला लागली, आणि गाडी बसते म्हणून आण्णा आणखी घट्ट माळ बांधत गेले.

“म्हंजी नजर लागू नये म्हनून तुमीच गाडी फोडली, आन् पाय मात्र माज्या सुनंचा वाईट?”

नूरमहंमदनं नळीतली उरली हवा सोडली, चिरलेला बोटभर तुकडा नव्या ब्लेडनं सरळ कापून टाकला आणि दोन्ही टोकं एका छोट्या जोडात दाबून बसवली. हवेच्या नळ्यांचा तसला जोड त्याच्या दुकानातल्या पंपालाही होता. नगरच्या एमआयडीसीतल्या दुकानात तो दोन प्लेट भज्यांच्या भावात मिळतो. ज्ञानेश्वरीनं इंजिन चालू करून हवा भरली, मग त्यानं परत फेस लावला. एकही बुडबुडा नाही.

महाराजांना विचारायला लोक वळले, तर खडावाही नव्हत्या आणि महाराजही नव्हते. घंटा तेवढी विसरली होती.

पण गाव अजून कुजबुजत होतं. “रातभर टिकलं तर खरं!” कुणीतरी म्हणालं. गोजरबाई म्हणाली, “बरोबर हाय. बगूनच बोला.” जॅक आणि ठोकळे काढल्यावर तिनं साऱ्यांसमोर चाक आणि पत्रा यांच्यामधलं अंतर बोटांनी मोजलं. चार बोटं. ते खडूनं दारावर लिहून ठेवलं. नूरमहंमद फाट्यावर गेला, आणि ज्ञानेश्वरीची बॅग पडवीतच राहिली.

सकाळी उजाडताच अंगण पुन्हा भरलं. ह्या वेळी मोजायला छबूबाई स्वतः वाकली. एक, दोन, तीन, चार. तिनं परत मोजलं. “चारच हायेत की गं!” ती म्हणाली, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

आण्णा पुटपुटले, “झालं ते झालं. बॅग आत घे, पोरी.”

“असं न्हाई,” गोजरबाई म्हणाली. “पोरीला नाव ठिवलं चारचौगांत. आता कानात काय सांगता?”

आण्णांनी चारचौघांकडं बघितलं. चारचौघं आपापल्या पायांकडं बघत होती. शेवटी आण्णांनी हात जोडले. “ज्ञानेश्वरी, माजं चुकलं. तुज्यात कायबी खोट न्हाई.”

ज्ञानेश्वरी इतक्या दिवसांनी पहिल्यांदा रडली. तिनं अमृतकडं मात्र बघितलं नाही. ते त्याला बरेच दिवस पुरणार होतं.

गोजरबाई हलली नाही. तिचा आवाज बदलला होता.

“बायांनो, बाप्यांनो, आज सांगते. मी ह्या घरात आले त्याच म्हैन्यात दावणीचा बैल मेला. मला पांडऱ्या पायाची म्हनले आन् आठ म्हैने माह्यारी बसवलं. बैलाला पान लागलं हुतं, साप चावला हुता, पायावर दाताच्या खुना हुत्या, पर कोनी वाकून बगितलं न्हाई. आठ म्हैने माजी आई तोंड लपवून पान्याला जायची. ती त्याच झुरनीनं गेली.”

आण्णांची मान खाली गेली. एकतीस वर्षांत हे बोलणं ह्या घरात कधीच झालं नव्हतं.

“गाडी बसली तर नळी बगा,” ती म्हणाली. “बैल मेला तर डॉक्टर आना. लेकरू आजारी पडलं तर दवाखान्यात न्या. कारन असतंच, ते वाकून शोदावं लागतं. आन् शोदायचा कंटाळा आला म्हनून परक्याच्या घरातनं आलेल्या पोरीवर ते ढकलू नका. एवढंच मागनं हाय माजं.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हळूहळू माणसं निघून गेली. मग आण्णांनी सुनेची बॅग स्वतःच्या हातानं उचलली आणि आत नेऊन ठेवली.