उतारावरची गाडी आणि तापलेले कान

लाकडी हातोडा हातातून सुटला तेव्हा तोफेला कळलंसुद्धा नाही की तो सुटलाय. खळ्ळकन काच फुटल्याचा आवाज आला, सुतारकामाच्या वर्गातली करवत थांबली आणि तिच्यासमोर उभ्या असलेल्या, शिडी म्हणतात त्या पोराच्या भुवईवरून रक्ताची बारीक धार निघाली. हातोडा खिडकीला लागला होता, शिडीला नाही. त्याला लागला होता काचेचा तुकडा. पण हातोडा चार बोटं इकडे आला असता तर काय झालं असतं, हे वर्गातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

तिला तोफ म्हणायचे ते उगाच नाही. नववीत शिकणारी ही पोर अंगाने काडीसारखी, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. शिडी तिच्याच वर्गातला. वर्गात सगळ्यांत उंच आणि जिभेला हाड नसलेला. दोघांनी मिळून एक उतारगाडी बनवायला घेतली होती. उतारगाडी म्हणजे इंजिन नसलेली लाकडी गाडी. टेकडीवरच्या रस्त्यावरून ती सोडून द्यायची आणि खालपर्यंत कोण आधी पोचतं ते बघायचं. गावातल्या सगळ्या शाळांची ही शर्यत दरवर्षी व्हायची, आधी प्राथमिक फेऱ्या आणि मग शेवटची. तोफ पुढे बसून गाडी वळवणार आणि शिडी मागे बसून ब्रेक सांभाळणार, असं ठरलं होतं. आणि शिडी आठवडाभर तिच्या वाकड्या कापलेल्या फळ्यांना "ही फळी की केळं?" म्हणून हसत होता. त्या दिवशी तो अकराव्यांदा की बाराव्यांदा हसला, आणि पुढचं सांगितलंच.

मुख्याध्यापिकांनी दोघांनाही समोर उभं केलं. "शर्यतीत उतरायचं असेल, तर दोघांनी समुपदेशक ताईंकडे जायचं," त्या म्हणाल्या. शिडी भुवईवरची पट्टी दाखवत म्हणाला, "बाई, मला तर लागलंय! मी कशाला?" बाई म्हणाल्या, "तुला लागलंय म्हणून तुझ्या जिभेला माफी मिळाली का रे? तूही जायचं."

समुपदेशक ताई शाळेत नवीनच आल्या होत्या. त्यांना कायम सर्दी असायची आणि त्यांची खोली म्हणजे आधी खेळाचं सामान ठेवायची जागा. कोपऱ्यात अजून फुटबॉलची जाळी पडलेली. तोफ ठरवूनच गेली होती की आता उपदेश ऐकायचा, मान हलवायची, सुटायचं. ताईंनी नाक पुसलं आणि विचारलं, "राग येतो तेव्हा सगळ्यांत आधी कुठे येतो?"

"कुठे म्हणजे? डोक्यात."

"त्याच्याही आधी."

तोफेला हसू आलं, मग ती खरंच विचारात पडली. हातोडा सुटण्याआधी काय झालं होतं? "कान," ती हळूच म्हणाली. "कान तापतात माझे."

ताईंनी टेबलावर थाप मारली. "वा! म्हणजे तुला घंटा वाजते की! ती वाजली आणि तोफ उडाली, यांच्यामध्ये थोडीशी जागा आहे. त्या जागेत काय करायचं, ते आज डोकं थंड असताना ठरवू. राग आल्यावर ठरवायला गेलीस तर काही सुचणार नाही. कुणालाच सुचत नाही."

"राग यायलाच नको ना पण?"

"यायला हवाच. रोज कुणी तुझ्या फळ्यांना हसलं आणि तुला काहीच वाटलं नाही, तर मला काळजी वाटेल. राग येऊ दे. हातोडा तेवढा जाऊ देऊ नको."

पहिला बेत साधा होता. कान तापले की मनात शंभर म्हणायचे. दुसऱ्याच दिवशी धाकट्या भावाने तिच्या नव्या हातमोज्यात चिंचोके भरले, तोफ सातपर्यंत पोचली आणि दारावर अशी लाथ बसली की बिजागरी निखळली. ती तशीच तणतणत ताईंकडे गेली. "तुमचा बेत फुसका निघाला!"

ताईंना वाईट वाटेल अशी तिची अपेक्षा होती. ताई मात्र खुर्चीत पुढे सरकल्या. "छान! कुठे फसला?"

"सातावर. डोकं मोजत होतं, पण हात मोकळे होते ना! पायसुद्धा."

"मग हातापायांना काम देऊ."

दोघींनी नवा बेत केला. कान तापले की हात काखेत घालायचे, गच्च. "आलेच" एवढा एकच शब्द बोलायचा, म्हणजे समोरच्याला कळेल की ही पळून चाललेली नाही. मग दाराकडे, खांबाकडे, कुठेही चालत जायचं आणि परत यायचं. आल्यावर शिवी नाही, टोमणा नाही. काय झालं आणि काय हवंय, एवढंच सांगायचं. "आणि हे घरी करून बघ," ताई म्हणाल्या. "नुसतं ठरवून अंगात मुरत नाही. कुणाला तरी मुद्दाम चिडवायला सांग."

घरात हे सांगितल्यावर धाकट्याला आभाळ ठेंगणं झालं. मोठ्या बहिणीला चिडवायचं, आणि तेही आईच्या परवानगीने! तो तर खुर्चीवरच उभा राहिला. "माकडतोंडे! तुझी गाडी पहिल्या वळणावर मोडणार! तुझे मोजे मीच—" तोफेचे हात काखेत गेले. "आलेच," ती दात आवळून म्हणाली, बाल्कनीपर्यंत गेली, परत आली आणि म्हणाली, "माझ्या वस्तूंना हात लावलास की मला राग येतो. विचारून घे." धाकट्याचा चेहराच पडला. एवढी मेहनत वाया!

बाबांची पाळी आली. बाबा शिंपी, दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून बोलून त्यांना वाकडं बोलताच येईना. "तू... तू जरा उशिरा उठतेस," ते चाचरत म्हणाले आणि लगेच, "म्हणजे रोज नाही." आई खो खो हसत सुटली. आई शहर बस चालवायची. ती म्हणाली, "सरका तुम्ही. मला दिवसभर लोक काय काय ऐकवतात, मला विचारा." मग तिने पदरचं काही न घालता प्रवाशांचे असे एकेक मासले ऐकवले की तोफेचे कान खरोखर तापले, हात काखेत गेले आणि बाल्कनीच्या वाटेवर तिला वाटलं, आई हे रोज ऐकते? परत येऊन तिने आईला विचारलं, "तू काय करतेस गं?"

"मी घरी येऊन तुमच्यावर ओरडते," आई म्हणाली. "मलाही एक बेत लागणार बहुतेक."

गाडी मात्र झपाट्याने उभी राहत होती. शिडीनेही ताईंकडे बसून स्वतःचा बेत केला होता. जिभेवर टोमणा आला की ओठ मिटायचे आणि पाना हातात घ्यायचा. सर्वांत जास्त घट्ट बसवलेले नट-बोल्ट त्या गाडीला होते ते त्यामुळेच. शेवटच्या आठवड्यात त्याच्याच डोक्यात एक शंका आली.

"ए, चालत्या गाडीत राग आला तर? तिथून तू चालत कुठे जाणार?"

हे ताईंनाही सुचलं नव्हतं. मग तिघांनी मिळून ठरवलं. तोफेने मोठ्याने म्हणायचं, "तापले!" आणि शिडीने बाकी काही न बोलता तिला फक्त समोरचा रस्ता सांगायचा.

शर्यतीच्या सकाळी टेकडीचा रस्ता माणसांनी फुलून गेला होता. दोन्ही बाजूंना दोर, खालच्या वळणावर दगडी भिंत आणि तिच्यापुढे पेंढ्याचे गठ्ठे. कर्ण्यावरून बोलणाऱ्या माणसाला तर श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तोफ हेल्मेटचा पट्टा पुन्हा पुन्हा आवळत होती, आणि तरी ओठांवरचं हसू मावळत नव्हतं. "घाबरलीस?" शिडीने विचारलं. "जाम!" ती म्हणाली. "तू?" "मीसुद्धा!" आणि दोघं उगाचच हसत सुटले.

शिट्टी वाजली. गाड्या सुटल्या!

पहिल्या काही क्षणांत नुसता खडखडाट. मग चाकांनी वेग धरला, वारा कानात घुसला, दोरापलीकडचे चेहरे एकमेकांत मिसळून रंगांचे पट्टे झाले. एक गाडी मागे पडली, दुसरी मागे पडली. "तिसरे आहोत आपण! तिसरे!" शिडी मागून किंचाळला. तोफेने दांडा डावीकडे घेतला, गाडी पहिल्या वळणावरून लोण्यातून सुरी फिरावी तशी गेली आणि ते दुसऱ्या क्रमांकावर आले.

आणि मागून धाडकन धडक बसली.

तोफेची हनुवटी दांड्यावर आपटली. तिने मान वळवली. लाल हेल्मेट घातलेला एक मुलगा, दुसऱ्या शाळेचा, एकटाच गाडीत. पुन्हा धडक! तळपायाची आग मस्तकात गेली. वळवावी का गाडी? घालावं का याला दोरावर?

"तापले!" ती ओरडली.

"समोर सरळ रस्ता!" शिडी ओरडला. "पुढे दिव्याचा खांब, उजवीकडे खड्डा, खड्डा सोड! शाब्बास! आता उतार वाढतोय!"

ती खांब बघत होती, खड्डा बघत होती, आणि त्या बघण्यात कानांची धग जरा ओसरली. तेव्हा कुठे तिला ऐकू आलं. मागचा मुलगा शिव्या देत नव्हता. तो रडत ओरडत होता, "ब्रेक! ब्रेक लागत नाहीये!"

"शिडी, त्याला ब्रेक नाही! भिंत येतेय!"

"मग?"

"त्याला आपल्यावर घेऊ!"

विचार करायला वेळ होताच कुठे! मागची गाडी बाजूने निसटू लागली तशी तोफेने आपली गाडी तिच्या पुढ्यात आणली. कर्णा गरजला, "अरे, ही अडवतेय त्याला! वाट अडवतेय!" लोक ओरडू लागले. लाल हेल्मेटच्या गाडीचं नाक त्यांच्या मागच्या फळीला टेकलं. "आता!" तोफ ओरडली. शिडी ब्रेकच्या दांड्यावर अक्षरशः लटकला. रबर करपल्याचा वास, चाकांची किंकाळी, दोन गाड्यांचं ओझं एका ब्रेकवर. शेजारून एक गाडी सुसाट पुढे गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. वेग कमी झाला. आणखी कमी झाला. आणि भिंतीआधीच्या पेंढ्यात दोन्ही गाड्या एखाद्या म्हाताऱ्या बैलजोडीसारख्या हळूच नाक खुपसून थांबल्या.

तोफ अजून धापा टाकत होती तोच शर्यतीचे पंच धावत आले. लालबुंद झाले होते. "काय चालवलंयस? वाट अडवतेस? जीव गेला असता त्या पोराचा! तूच ना ती, हातोडा फेकणारी? गावभर झालंय ते! बाद! चल, उतर!"

तोफेच्या कानांना जणू कुणी इस्त्री लावली. इतका राग तिला उभ्या आयुष्यात आला नव्हता. वाचवलं कुणी, आणि ऐकून कोण घेतंय! दोराजवळ बाबांनी डोळे मिटून घेतलेले तिला दिसले. धाकट्याने तर कान झाकले.

तिचे हात काखेत गेले, गच्च. "आलेच," ती म्हणाली. आवाज चिरकला, पण निघाला. पंच बघतच राहिले. ती पाठ वळवून चालत दोरापर्यंत गेली. दोराला हात लावून ती वळली आणि परत आली.

"त्याचा ब्रेक गेला होता," ती म्हणाली. "आमच्या ब्रेकवर दोन्ही गाड्या थांबवल्या. हवं तर बघून घ्या. आणि हातोड्याचं आता काढू नका, मला ते आवडलं नाही."

पंचांनी लाल हेल्मेटकडे पाहिलं. तो पोरगा पेंढ्यात बसला होता. त्याने तुटलेली ब्रेकची तार वर धरली. "मी ओरडत होतो," तो हुंदके देत म्हणाला. "कुणाला ऐकूच गेलं नाही. हिलाच गेलं."

मग आई दोर ओलांडून अशी धावत आली की पंच बाजूलाच झाले. ताई शिंकत, डोळे पुसत मागून आल्या. रडू कोणतं आणि सर्दी कोणती ते कळत नव्हतं. पंचांनी टोपी काढली. "पोरी, चूक माझी झाली," ते म्हणाले. "न बघता बोललो. गाडी धड आहे का तुमची? मग वर न्या. शेवटच्या फेरीत पुन्हा सोडतो तुम्हाला."

"खरंच?" शिडी आणि तोफ एकदम ओरडले.

गाडी वर ढकलायला माणसांची रीघ लागली. बाबा ढकलत होते, धाकटा ढकलल्यासारखं करत होता आणि लाल हेल्मेटवाला सगळ्यांत जोर लावत होता. ब्रेकचं रबर झिजलं होतं, ते शिडीने वरच बदललं. एकही टोमणा न मारता, पाना दातांत धरून.

दुसऱ्यांदा शिट्टी वाजली तेव्हा तोफेला नुसत्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. गाडी सुटली. खांब, खड्डा, उतार, वळण, सगळं आता ओळखीचं. शेवटच्या टप्प्यात दोन गाड्या तिच्या पुढे होत्या. दुसरीला गाठणं अगदी थोडक्यात हुकलं, आणि ते तिसरे आले. तिसरे! तोफ गाडीतून उडी मारून अशी नाचली की तिचं हेल्मेट घरंगळत गेलं.

"पुढच्या वर्षी पुढे मी बसणार," शिडी धापा टाकत म्हणाला.

"हॅट! वळवता येतं का तुला?"

"तुला तरी कुठे येत होतं?"

"ब्रेक उगाच लावला नसतास तर दुसरे आलो असतो!"

"वळणावर आत घेतली असतीस तर पहिले!"

लाल हेल्मेटवाल्याने घाबरून ताईंकडे पाहिलं. "भांडतायत का हे?"

"कचाकचा," ताई नाक पुसत म्हणाल्या. "भांडू दे."

दोघं गाडी ओढत, एकमेकांचं एकही वाक्य पुरं होऊ न देता, गर्दीतून वाट काढत घराकडे निघाले.