पुसलेल्या पत्रांचं बिऱ्हाड

मी एक हार्ड डिस्क बोलतेय. टायपिंगच्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात चार स्क्रूंनी आवळून बसलेली. आज माझं बोलणं थोडं घाईचं होईल, तेवढं सांभाळून घ्या.

काल दुपारी दुकानवाल्या ताईंची मुलगी मला तपासायला बसली. पाच वर्षं दूर राहून, कॉम्प्युटर सुरक्षित कसे ठेवायचे हेच शिकून आलेली. तिची खात्रीच होती, की आत व्हायरसचा नुसता सुळसुळाट असणार.

"आई, घाबरू नकोस हं," ती म्हणाली, "पण बहुतेक सगळंच सडलेलं निघेल."

"मोठी डॉक्टरीण झालीस, तर आधी नाडी बघ," ताई म्हणाल्या. "निदान नंतर कर."

तासाभराने नाडी ठणठणीत निघाली. एकही व्हायरस नाही. मग तिने सहज म्हणून पुसलेल्या फायली शोधणारा प्रोग्राम चालवला, आणि माउसवरचा तिचा हात थांबला. तीन हजारांवर पत्रं. सगळी कधीच पुसलेली, आणि बहुतेक सगळी शाबूत.

हे कसं झालं ते सांगायचं, तर मागे जावं लागेल.

माझा जन्म एका अतिस्वच्छ खोलीत झाला. डोक्यापासून पायांपर्यंत पांढऱ्या कपड्यांतली माणसं श्वाससुद्धा जपून घेत होती. दोन चकचकीत तबकड्या आणि त्यांच्यावरून केसाइतक्याही नाही एवढ्या अंतराने फिरणाऱ्या सुया, एवढाच माझा संसार. एवढ्या लाडात वाढलेली मी आले कुठे, तर सायकल दुरुस्तीच्या शेजारच्या दहा बाय बाराच्या दुकानात. पंखा करकरायचा, प्रिंटर खोकायचा, आणि भिंतीपलीकडून हातोडीचा एकेक ठोका माझ्यापर्यंत यायचा.

पण किती सुखाचे दिवस होते ते! मला डोळे नाहीत. मी माणसं ओळखायची ती टायपिंगच्या चालीवरून. रजेचा अर्ज असला की ताईंची बोटं घोड्यासारखी दौडायची. कुणी काही मनातलं सांगायला लागलं, की ती अडखळायची, थांबायची, मग एक शब्द खोडून दुसरा लिहायची. नवऱ्यापासून वेगळं व्हायचं ठरवलेली परिचारिका, मुकादमाविरुद्ध तक्रार करणारी स्वयंपाकीणबाई, सगळ्या त्या लाकडी स्टुलावर बसून गेल्या.

आणि गुरुजी! शाळेतून निवृत्त झालेले. त्यांचं सख्ख्या भावाशी वितुष्ट आलं होतं. महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, भावाला पत्र सांगायचे, छापून न्यायचे आणि पेटीत टाकायचेच नाहीत.

"ताई, मागच्या वेळी जरा कडक झालं होतं," असं म्हणत पुन्हा स्टुलावर.

"गुरुजी, अशाने तुमचा भाऊ म्हातारा होईल."

"तो माझ्याहून मोठाच आहे. म्हणूनच तर अडलंय!"

अशी नऊ पत्रं झाली.

ताईंचा एक नेम होता. पत्र छापून झालं, की फाइल पुसायची, आणि तीही ज्याची त्याच्याच हातून. "दाबा तुम्हीच," त्या म्हणायच्या. "तुमचं माझ्याकडे काही उरायला नको." मग रीसायकल बिनही रिकामा करून दाखवायच्या. समोरच्याचा सुटकेचा निःश्वास मला ऐकू यायचा. दुकान चाललं ते या विश्वासावर.

मला मात्र तेव्हा ओरडून सांगावंसं वाटायचं, की अहो, हे पुसणं नव्हे! फाइल पुसा म्हटलं, की माझ्या यादीतलं फक्त नाव खोडलं जातं. ती जागा मोकळी आहे, एवढीच खूण होते. मजकूर जिथल्या तिथे असतो. त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो तिथेच मुक्कामाला. माझी जागा ऐसपैस, ताईंची पत्रं एक-दोन पानी, त्यामुळे कुणाला हलवायची वेळच फारशी आली नाही.

व्हायरसच्या बाबतीत मात्र ताई एकदाच ठेचकाळल्या आणि कायमच्या सावध झाल्या. एका छायाचित्रकाराचा पेनड्राइव्ह त्यांनी थेट मला जोडला. क्षणात सगळे फोल्डर गायब, त्यांच्या जागी नुसती सोंगं. दोन दिवस दुकान बंद होतं. मला दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक म्हणाला, "ताई, रस्त्यावरचा कुणीही येतो आणि तुम्ही त्याला सरळ माजघरात नेता?"

त्यानंतर दाराजवळ एक जुनं मशीन आलं. त्याचं माझ्याशी कुठल्याच तारेने नातं नव्हतं. बाहेरचा पेनड्राइव्ह तिथेच लावायचा, तिथेच तपासायचा, छापायचं तेही तिथूनच. दर सोमवारी दुकान उघडलं, की पहिलं काम अँटीव्हायरस अद्ययावत करणं. अनोळखी ईमेलला जोडून काही आलं, तर उघडण्याआधी पाठवणाऱ्याला फोन.

"ताई, माझा पेनड्राइव्ह काय चपला घालून आलाय का?" एखादा चिडून विचारायचा.

"चपला कुठून कुठून फिरून आल्यात, ते तुम्हाला तरी माहीत आहे का? थांबा दोन मिनिटं."

म्हणूनच काल मुलीला माझ्यात रोग सापडला नाही. सापडली ती ही तीन हजार पत्रं. आणि आज सकाळी दहाला वाचनालयाचे काका हा कॉम्प्युटर न्यायला येणार होते. ताईंनी तो त्यांना देऊ केला होता. वाचनालय याच गल्लीच्या टोकाला आहे. तिथे कुणीही येऊन बसतं, परिचारिकेची सासूसुद्धा, मुकादमसुद्धा.

"आई, तू पुसलेलं सगळं अजून आत आहे."

"काहीतरीच काय! त्यांच्यासमोर पुसलंय मी."

"तू दारावरची पाटी काढलीस गं. बिऱ्हाड आतच राहिलं."

ताईंनी खुर्ची पुढे ओढली. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी लोकांशी खोटं बोलले?"

"तुझी चूक नाही. प्रत्येक माणसाचा त्याच्या माहितीवर हक्क असतो, आणि कंपन्यांनी हे आधीच—"

"ठकू, भाषण नको. उद्या काका येणार आहेत. हे जातं की नाही, तेवढं सांग."

"जातं. पहिल्यापासून शेवटपर्यंत कणाकणावर शून्यं लिहायची. चार-पाच तास लागतील. मग कुणालाही काही मिळणार नाही. मलासुद्धा."

ताई अर्जांचे कोरे नमुने दुसरीकडे उतरवून घ्यायला सांगून घरी गेल्या. मुलगी एकटी उरली. नमुने शोधता शोधता पुसलेल्या फायलींच्या यादीतलं गुरुजींचं पत्र चुकून तिच्यासमोर उघडलं. तीन ओळी वाचल्या असतील. सकाळीच त्यांनी तिला रस्त्यात थांबवून "आलीस का गं पोरी?" असं विचारलं होतं. तिने ते पत्र चटकन बंद केलं.

यादीत त्याच्या खालीच दुसरं होतं. पुसलेलं चार वर्षांपूर्वी, लिहिलं त्याच दिवशी. पडद्यावर पहिली ओळ दिसत होती: 'प्रिय ठकू, परत ये असं मी म्हणणार नाही.'

ते पत्र तिला कधीच मिळालं नव्हतं. पंख्याची करकर चालू होती. तिचं बोट माउसवर होतं. एकदा दाबलं असतं, तर पूर्ण पत्र उघडलं असतं. ते बोट जितका वेळ तिथेच अडून राहिलं, तितका वेळ मी इतक्या वर्षांत कुणाच्याच बोटासाठी ताटकळले नव्हते. शेवटी तिने कॉम्प्युटर तसाच बंद केला आणि कुलूप लावून गेली.

आज सकाळी दोघी साडेनऊलाच आल्या. काका आले, तेव्हा मुलीने त्यांना संध्याकाळी यायला सांगितलं. मग ती म्हणाली, "आई, तुझंही एक पत्र आहे आत. माझ्या नावाचं."

ताईंची खुर्ची करकरली. "वाचलंस?"

"पहिली ओळ. ती चुकून."

"मग पुढचं का नाही वाचलंस? तुझंच तर होतं."

"तू पुसलं होतंस ना? मग ते माझं नाही. बाकीच्यांची पत्रं वाचायची नाहीत, आणि तुझं तेवढं वाचायचं, असं कसं चालेल?"

ताईंनी नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला. मुलीने वाट पाहिली नाही. पूर्ण पुसण्याची आज्ञा तिने दिली. खात्री आहे का, असं मी नियमाप्रमाणे विचारलं. ती 'हो' म्हणाली.

तुम्हीही तुमची जुनी डिस्क कुणाला देताना एवढं कराच. नाव खोडून थांबू नका. आम्ही स्वतःहून काही विसरू शकत नाही हो, तुम्हालाच आम्हाला विसरायला लावावं लागतं.

शून्यं उमटायला लागली आहेत. परिचारिका गेली. गुरुजींच्या नऊपैकी चार पत्रं गेली. शेजारी ताईंनी स्टूल ओढून घेतलंय, आणि "त्या वर्षी तुझे बाबा आजारी होते," अशी सुरुवात करून त्या हळूहळू काहीतरी सांगताहेत. पत्रात हेच लिहिलं होतं का, हे आत्ता, या घटकेला, मला माहीत आहे. पण ते मी तुम्हाला सांगणार नाही.